फूट-इंचांची यादी : दोन महापुरांच्या मधल्या काळातील एका तालुका कार्यालयाचे प्रकरण

कोल्हापूर जिल्ह्यात पावसाळा लागला की लोकांच्या तोंडी एकच आकडा असतो, तो राजाराम बंधाऱ्यावरच्या पंचगंगेच्या पातळीचा. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. पाणी त्या दिशेने सरकू लागले की शहरात सुतारवाड्यातील कुटुंबांची आवराआवर सुरू होते आणि प्रयाग चिखली, आंबेवाडीसारख्या गावांत लोक जनावरे कुठे न्यायची याचा विचार करू लागतात. ऑगस्ट २०१९ मध्ये हा आकडा ५५ फुटांच्या पुढे गेला. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला, शहराला पाणी पुरवणारी उपसा केंद्रे पाण्याखाली गेली आणि १९८९ व २००५ च्या पुरांच्या खुणांवर विसंबून घरात थांबलेल्या लोकांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. दोन वर्षे पुरी होण्याआधीच, जुलै २०२१ मध्ये, पातळी ५६ फुटांच्याही वर गेली.

या दोन पुरांच्या मधल्या काळात नदीकाठच्या एका तालुका कार्यालयाने पूरसूचना आणि स्थलांतर यांची व्यवस्था वही आणि फोनवरून संगणकावर व मोबाईलवर नेण्याचा प्रयत्न केला. त्याचे हे प्रकरण आहे. तालुक्याचे, गावांचे आणि व्यक्तींचे नाव मुद्दाम दिलेले नाही, आणि ओळख पटू नये म्हणून शेजारशेजारच्या गावांतील काही प्रसंग एकत्र आणले आहेत. नद्या, धरणे, पूर आणि राज्यातील घडामोडी यांचे तपशील मात्र जसे घडले तसेच आहेत. सरकारी कार्यालयातील तंत्रज्ञान-बदलाची बहुतेक वर्णने सॉफ्टवेअरपाशी सुरू होतात आणि तिथेच संपतात. या प्रकरणात ज्या निर्णयांनी माणसे वेळेवर घराबाहेर पडली, ते निर्णय सॉफ्टवेअरबाहेरचे होते, आणि म्हणूनच ते सविस्तर नोंदवण्याजोगे आहेत.

२०१९ मध्ये माहिती कुठे अडली

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी एकत्र येऊन पंचगंगा होते, आणि पुढे नृसिंहवाडीला ती कृष्णेला मिळते. कृष्णाच भरून वाहत असेल तर पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, ते मागे फुगते. भोगावतीवरच्या राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरले की ते आपोआप उघडतात आणि प्रत्येक दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट, पाणी सुटते. इथे कोणी अधिकारी दरवाजा उघडण्याचा निर्णय घेत नाही, त्यामुळे आधी कळवण्याची संधीही कमी मिळते. शिवाय गगनबावड्याकडचा पाऊस आणि धरणांच्या खालच्या बाजूचे मोकळे पाणलोट क्षेत्र यांचे पाणी कोणत्याच दरवाजातून मोजून येत नाही.

तालुक्याच्या नियंत्रण कक्षाकडे येणारी माहिती चार वेगवेगळ्या मापांत होती. हवामान खात्याचा इशारा मिलिमीटरमध्ये आणि रंगांत येई, पाटबंधारे विभागाचा निरोप क्युसेक आणि टीएमसीमध्ये (अब्ज घनफुटांत) येई, बंधाऱ्यावरची पातळी फूट-इंचांत येई, आणि कृष्णा-भीमा खोऱ्यासाठी उभारलेल्या संगणकीय पूर-अंदाज प्रणालीत पातळ्या समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये असत. रात्रपाळीचा कारकून यांतले जे हाती येईल ते व्हॉट्सॲपच्या गटावर टाकत असे. गावातल्या तलाठ्याला मिळे तो मजकूर साधारण असा असे : राधानगरीचे ४ दरवाजे उघडले, वीजगृहासह एकूण ७११२ क्युसेक विसर्ग सुरू, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. हा निरोप खरा होता आणि वेळेवरही होता. पण त्यातून आज संध्याकाळी आपल्या गावातल्या कोणत्या गल्लीतली माणसे हलवायची, हे तलाठ्याला कळत नव्हते.

एका गावात तलाठी आणि पोलीस पाटील एका वयस्क शेतकऱ्याच्या दारात उभे राहिले तेव्हाचे बोलणे नंतर अनेकांनी मला जवळजवळ त्याच शब्दांत सांगितले. “भाऊसाहेब, पाच सालच्या पुरात पाणी ह्या पायरीला लागून माघारी गेलं. माझ्या बापानं जोतं उगं उंच बांधलंय व्हय? आणि म्हसरं सोडून कुठं जाऊ?” तलाठ्याने विनवले, “आबा, तुम्ही नाही तर निदान काकूंना आणि पोरांना तरी पुढं पाठवा.” पाणी कुठवर येईल, असे आबांनी विचारले तेव्हा तलाठ्याकडे क्युसेकचा आकडा होता. आबांकडे पायरीची खूण होती. आबांनी आपल्या खुणेवर विश्वास ठेवला, आणि त्यांच्या जागी कोणीही शहाणा माणूस तेच करता.

उलट्या दिशेची माहिती त्याहून विस्कळीत होती. किती कुटुंबे, किती माणसे, किती जनावरे हलवली याचे विवरणपत्र वरून दिवसातून अनेकदा मागितले जाई. तलाठी फोनवर आकडे सांगत, अव्वल कारकून ते वहीत लिहीत आणि बेरीज करून पुढे पाठवत. पाहुण्यांकडे गेलेले कुटुंब दुसऱ्या दिवशी छावणीत आले की ते दोनदा मोजले जाई. उपकेंद्रे पाण्यात गेल्याने वीज बंद पडली, मग मोबाईल टॉवरच्या बॅटऱ्या उतरल्या, आणि ज्या दिवशी माहितीची सर्वांत जास्त गरज होती त्याच दिवशी फोन मुके झाले.

पहिला आराखडा आणि त्याची मर्यादा

या कार्यालयाच्या प्रमुख, तहसीलदार, पुराच्या काही महिने आधी तालुक्यात आल्या होत्या. पूर ओसरल्यावर पंचनामे आणि सानुग्रह अनुदानाचे वाटप यांत सप्टेंबर गेला. २१ सप्टेंबरला विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि २१ ऑक्टोबरला मतदान झाले. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट आली, आणि २८ नोव्हेंबरला नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला. या काळात धोरणाच्या पातळीवर कोणाला काही विचारावे आणि उत्तर मिळावे अशी स्थिती नव्हती. वरून स्पष्ट सूचना येईपर्यंत थांबणे हा अशा वेळचा रूढ मार्ग असतो. त्यांनी तो धरला नाही. पुढचा पावसाळा जूनमध्ये येणार, हे एकच वेळापत्रक नक्की आहे, असे त्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांना सांगितले आणि डिसेंबरमध्ये काम सुरू केले.

त्यांचा पहिला आराखडा कोणालाही सुचेल तसाच होता. तालुक्याचा नकाशा पडद्यावर यावा, धरणसाठा, विसर्ग आणि बंधाऱ्याची पातळी एकत्र दिसावी, धोक्यातील गावे लाल व्हावीत आणि एका कळीसरशी सर्वांना संदेश जावा. शहरातल्या अभियांत्रिकीच्या काही विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून तो करून दिला. सादरीकरण झाले, प्रांताधिकाऱ्यांना ते आवडले. तलाठ्यांच्या बैठकीत मात्र कोणीही काही बोलले नाही. सरकारी कार्यालयात एखाद्या नव्या गोष्टीला कोणीच आक्षेप घेत नाही तेव्हा ती कोणी वापरणारही नसते, हा माझा अनुभव आहे, आणि या बाईंनाही ती शांतता खटकली. बैठक संपल्यावर निवृत्तीला आलेल्या एका मंडल अधिकाऱ्याने त्यांना विचारले, “मॅडम, पडद्यावर गाव लाल झालं, तर आम्ही नेमकं काय करायचं?”

या प्रश्नाने आराखड्याची दिशा बदलली. गाव लाल होणे ही माहिती कलेक्टर कचेरीच्या उपयोगाची आहे, कारण तिथे बोटी आणि पथके कुठे पाठवायची हे ठरते. गावाला लागते ती माहिती घराची, आणि तीही गाव ज्या मापात विचार करते त्या मापात.

घराला फूट जोडणे

जानेवारी २०२० मध्ये तहसीलदार तलाठ्याला घेऊन एका गावात फिरल्या. भिंतींवर २०१९ च्या पाण्याची मातकट रेघ अजून स्पष्ट होती. ती रेघ आणि घराचा उंबरा यांतले अंतर मोजले, तर राजारामची पातळी किती असताना त्या उंबऱ्याला पाणी लागेल याचा अंदाज बांधता येईल, अशी त्यांची कल्पना होती.

पाटबंधारे विभागाच्या शाखा अभियंत्याने याला हरकत घेतली, आणि ती योग्य होती. बंधाऱ्यावरचा एक फूट आणि दहा किलोमीटरवरच्या गावातला एक फूट हे सारखे नसतात. पाण्याच्या पृष्ठभागाला उतार असतो, नदी चढताना आणि उतरताना तोच आकडा वेगळी स्थिती दाखवू शकतो, आणि बंधाऱ्याच्या खालच्या अंगाच्या गावांना कृष्णेच्या फुगवट्याचा हिशोब वेगळा धरावा लागतो. नुसत्या वजाबाकीने यादी केली तर ती लोकांना खोटा धीर देईल, असे त्याचे म्हणणे होते. अनेक कार्यालयांत अशा हरकतीनंतर प्रकल्प तज्ज्ञ समितीकडे जातो आणि तिथेच राहतो. इथे अभियंत्यालाच विचारले गेले की मग खात्रीचा आधार कोणता, आणि त्याने सांगितलेला आधार साधा होता : प्रत्यक्ष त्या पुरात कोणत्या तासाला पाणी कुठे होते ते शोधा.

ती नोंद लोकांच्या मोबाईलमध्ये होती. २०१९ च्या त्या दिवसांत प्रत्येकाने फोटो काढले होते : मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या, शाळेचा ओटा, दूध संस्थेचा उंबरा, पाण्यात बुडत चाललेला विजेचा खांब. फोटोच्या तपशिलात दिवस आणि वेळ असते, आणि राजारामची ताशी पातळी नियंत्रण कक्षाच्या वहीत होती. दोन्ही शेजारी ठेवले की देवळाच्या तिसऱ्या पायरीला पाणी लागले तेव्हा बंधाऱ्यावर किती फूट होते ते कळू लागले. यात एक अडचण आली. व्हॉट्सॲपवरून फिरत आलेल्या फोटोंमध्ये मूळ वेळ राहत नाही, ती पाठवल्याची किंवा उतरवून घेतल्याची वेळ होते. म्हणून ज्याने फोटो काढला त्याच्याच फोनमधला मूळ फोटो पाहायचा, असा नियम करावा लागला, आणि तालमीतल्या पोरांनी घरोघर फिरून ते फोटो जमवले. फक्त पाणी चढतानाचे फोटो धरले, उतरतानाचे बाजूला ठेवले. एका खुणेसाठी दोन घरांतले फोटो जुळले तरच ती खूण यादीत घेतली.

अशा रीतीने प्रत्येक गावासाठी पाच-सहा खुणा ठरल्या आणि प्रत्येक खुणेसमोर राजारामचा एक आकडा आला. सुरक्षिततेसाठी त्यातून एक फूट वजा केला. मग प्रत्येक घर जवळच्या, त्याच उंचीच्या खुणेला जोडले. यादीत कुटुंबप्रमुखाचे नाव, खूण, फूट, जनावरे आणि हलायचे ठिकाण एवढेच रकाने होते. ‘हलायचे ठिकाण’ हा रकाना अव्वल कारकुनाने आग्रहाने घालायला लावला, कारण बहुतेक कुटुंबे छावणीत जात नाहीत, ती उंचावरच्या गावातल्या पाहुण्यांकडे जातात, आणि दुहेरी मोजणीचे मूळ तिथेच होते, हे त्याने वही भरताना पाहिले होते.

बंधाऱ्याच्या खालच्या अंगाची गावे या यादीत घेतली नाहीत. तिथे राजारामचा आकडा पुरेसा नाही, नृसिंहवाडी आणि राजापूर बंधाऱ्याच्या पातळ्या पाहाव्या लागतात, आणि त्या गावांचे तितके फोटो जमले नव्हते. त्यांना अर्धवट आकडा देण्यापेक्षा जुन्या पद्धतीवर ठेवणे बरे, असे ठरले. या निर्णयावर तेव्हा टीका झाली, पण मला तो संपूर्ण प्रकरणातील सर्वांत जबाबदार निर्णयांपैकी एक वाटतो.

मदतीची यादी वेगळी ठेवण्याचा आग्रह

मार्च २०२० मध्ये कोविडची टाळेबंदी आली आणि सगळे कर्मचारी विलगीकरण केंद्रे, रेशन आणि परप्रांतीय मजुरांच्या याद्या यांत गुंतले. खुणांचे काम जिथे झाले होते तिथेच थांबले. मात्र याच काळात त्या यादीभोवती एक वाद उभा राहिला, आणि प्रशासनात माहितीचा वापर कसा बिघडतो हे समजण्यासाठी तो महत्त्वाचा आहे.

२०१९ च्या पुरानंतर शासनाने बाधित कुटुंबांना ग्रामीण भागात १०,००० आणि शहरी भागात १५,००० रुपये सानुग्रह अनुदान जाहीर केले होते, आणि कोण बाधित, कोण नाही यावरून गावोगाव भांडणे झाली होती. एकाच घरात दोन चुली आणि दोन शिधापत्रिका असतील तर कुटुंबे किती धरायची, पाणी अंगणात आले पण घरात आले नाही त्याचे काय, असे प्रश्न प्रत्येक पंचनाम्यात होते. आता प्रत्येक घराचा फूट ठरलेला आहे, तर पुढच्या वेळी पंचनामा कशाला हवा, राजारामचा आकडा पाहून थेट खात्यात पैसे टाकता येतील, अशी सूचना वरच्या एका बैठकीत आली. सूचना करणाऱ्याचा हेतू चांगला होता. त्या सूचनेने तलाठ्यांचे कित्येक दिवस वाचले असते आणि लोकांना मदत लवकर मिळाली असती.

तहसीलदारांनी ती मान्य केली नाही. त्यांचे म्हणणे असे होते की फूट कमी लिहिला तर पैसे मिळतात असे एकदा कळले की गावातला प्रत्येक माणूस आपला फूट कमी करून घ्यायला येईल, सरपंच शब्द टाकेल, तलाठ्यावर दबाव येईल, आणि दोन पावसाळ्यांत ती यादी इशाऱ्यासाठी निरुपयोगी होईल. ज्याचे घर ५० फुटांना बुडते त्याच्या नावापुढे ४५ लागले, तर दोनदा विनाकारण हलल्यावर तिसऱ्यांदा तो हलणार नाही. म्हणून इशाऱ्याची यादी आणि मदतीचा पंचनामा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, असे त्यांनी लेखी काढले, आणि यादीच्या प्रत्येक पानावर ती ओळ छापली.

हा निर्णय तंत्रज्ञानाच्या नेहमीच्या शहाणपणाच्या विरुद्ध जातो. एकदा गोळा केलेली माहिती अनेक कामांसाठी वापरावी, असे सर्वत्र सांगितले जाते आणि बऱ्याच ठिकाणी ते बरोबरही असते. पण ज्या आकड्यावर माणूस रात्री घर सोडणार आहे, त्या आकड्यात पैशाचा स्वार्थ शिरू देणे धोक्याचे आहे, आणि बाईंनी ते आधीच ओळखले याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

कागद, दूध संस्था आणि सही

टाळेबंदी सैल झाल्यावर दुसरा प्रश्न पुढे आला : ही यादी गावात कोणाकडे असेल. संगणकावर ती होतीच. पण टॉवर बंद पडतात हे सर्वांनी पाहिले होते. म्हणून प्रत्येक गावाची यादी छापून, प्लास्टिकमध्ये बंद करून पोलीस पाटलाकडे दिली, आणि खुणेचे फूट विजेच्या खांबांवर व देवळाच्या भिंतीवर रंगाने लिहिले.

तिसरी प्रत दूध संस्थेत लावली. ही कल्पना एका तलाठ्याची. कोल्हापूरच्या गावात सकाळ-संध्याकाळ घरटी एक माणूस दूध घालायला संस्थेत येतोच. तिथे फॅट मोजणारे यंत्र आणि छापील पावती लोकांनी फार पूर्वी स्वीकारली आहे, कारण पावतीवरचा आकडा रोजच्या रोज पडताळता येतो आणि दर दहा दिवसांच्या बिलात तो पैशाच्या रूपात दिसतो. ज्या गावाने ते यंत्र सहज स्वीकारले ते गाव नव्या तंत्राला घाबरते असे म्हणण्यात अर्थ नव्हता. सचिवाने रोज संकलनाच्या वेळी फळ्यावर राजारामची पातळी आणि मागच्या बारा तासांतली वाढ इंचांत लिहायची, एवढेच ठरले. वाढीचा आकडा नसता तर पुढे २०२१ मध्ये ही यादी फारशी उपयोगी पडली नसती.

तिसरा प्रश्न अधिकाराचा होता, आणि माझ्या मते नेतृत्वाची खरी कसोटी इथे लागली. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ ने स्थलांतराचे पुरेसे अधिकार जिल्हा पातळीला दिले आहेत. व्यवहारात मात्र तलाठी तहसीलदारांच्या फोनची वाट पाहतो, तहसीलदार प्रांतांच्या, आणि पाणी कोणाचीच वाट पाहत नाही. या थांबण्याचे कारण आळस नसतो. लोकांना हलवले आणि पाणी आलेच नाही, तर आपल्याला जाब विचारला जाईल, ही भीती असते. तहसीलदारांनी वरिष्ठांची संमती घेऊन एक कायम आदेश काढला : खुणेच्या आकड्याला दोन फूट कमी असताना तलाठी आणि पोलीस पाटील यांनी वेगळ्या आदेशाची वाट न पाहता त्या खुणेची घरे हलवायला सुरुवात करावी, आणि विनाकारण हलवल्याची तक्रार आली तर तिचे उत्तर तहसीलदार देतील. त्या शेवटच्या वाक्यामुळे तलाठ्यांनी यादी मनापासून हातात घेतली, असे एकाहून अधिक तलाठ्यांनी मला सांगितले.

बदली

२०२१ च्या सुरुवातीला त्यांची बदली झाली. नवे तहसीलदार कर्तबगार होते आणि त्यांच्यापुढे लसीकरणापासून कोविड केंद्रांपर्यंत कामांचा डोंगर होता. त्याच सुमारास स्थलांतराच्या नोंदीसाठी वरून एक मोबाईल ॲप आले, ज्यात प्रत्येक कुटुंबाचा फोटो आणि ठिकाणाचे अक्षांश-रेखांश भरायचे होते. दोन पद्धती समांतर चालवायला कोणालाच वेळ नव्हता. विद्यार्थ्यांनी केलेला नकाशा काही महिन्यांत बंद पडला, कारण सर्व्हरचे वार्षिक भाडे कोणत्या लेखाशीर्षाखाली द्यायचे हे ठरले नाही, आणि तो करणारी मुले शिक्षण संपवून पुण्याला गेली होती.

कायम आदेश मात्र रद्द झाला नाही, कारण तो रद्द करण्याचे कोणाला सुचले नाही. खांबांवरचे आकडे तसेच राहिले, छापील याद्या पोलीस पाटलांकडे राहिल्या, दूध संस्थांचे फळे चालू राहिले. पोलीस पाटील, संस्थेचे सचिव आणि देवळाची भिंत यांची बदली होत नाही.

जुलै २०२१

२२ जुलै २०२१ पासून सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर अतिवृष्टी झाली आणि पंचगंगा कमालीच्या वेगाने चढली. २०१९ मध्ये पाणी कित्येक दिवस चढत राहिले होते. या वेळी दोन-तीन दिवसांत ते २०१९ च्या खुणेच्या वर गेले. दोन फूट आधी हलवायला लागा, हा नियम २०१९ च्या गतीवर बेतलेला होता आणि या वेळी तो पुरला नसता.

ज्या गावात फळा चालू होता तिथे वाढीचे इंच लोकांना दिसत होते. एका गावात पोलीस पाटलाने संध्याकाळच्या संकलनाला तो आकडा पाहिला आणि एक खूण वगळून थेट पुढच्या खुणेच्या घरांना सांगायला सुरुवात केली. आधी जनावरे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून वरच्या गावात गेली, मग माणसे निघाली. २०१९ मध्ये पायरीवर विसंबलेल्या आबांनी या वेळी स्वतः विचारले की आपला खांब कितीचा. म्हशींची सोय यादीत आधीच लिहिलेली होती, त्यामुळे घराचा कर्ता माणूस मागे थांबला नाही.

दुसऱ्या एका गावात तलाठी नव्याने रुजू झाला होता. त्याला कायम आदेश माहीत नव्हता. तो नव्या ॲपवर कुटुंबांचे फोटो भरत होता, आणि ॲपला नेटवर्क हवे होते. पोलीस पाटील आजारी होते, यादी त्यांच्या घरात होती. तिथे रात्री होड्या लागल्या. या गावाचा दाखला देऊन ॲप वाईट होते असे म्हणणे मला पटत नाही. त्याच ॲपमुळे जिल्ह्याला छावण्यांतील माणसांचे एकत्रित आकडे पूर्वीपेक्षा लवकर मिळाले आणि दुहेरी मोजणी कमी झाली. ते वरच्यांच्या गरजेसाठी केलेले साधन होते आणि ती गरज त्याने भागवली. घर कधी सोडायचे हे सांगणे त्याचे कामच नव्हते, आणि त्या गावात ते काम करणारा दुसरा कोणी जागेवर नव्हता.

यादीत एक उणीवही उघडी पडली. कोविडमुळे अनेक कुटुंबे छावणीला पुरापेक्षा जास्त घाबरत होती, आणि ज्या पाहुण्यांचे नाव यादीत होते त्यांतल्या काहींनी आजाराच्या भीतीने दार उघडले नाही. २०२० च्या जानेवारीत भरलेला तो रकाना २०२१ च्या जुलैत खरा राहिला नव्हता, आणि तो तपासायला मधल्या काळात कोणालाही सवड झाली नव्हती.

पुरानंतरची स्थिती

पूर ओसरताच त्याच तलाठ्यांच्या अंगावर पंचनामे, लसीकरण आणि १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी (पिकांची मोबाईलवरून नोंद) अशी तीन कामे एकाच वेळी आली. तरीही ज्या गावांत यादीमुळे लोक वेळेवर निघाले, त्या गावांनी नव्या पुराचे फोटो स्वतः जमवून ठेवले. शाखा अभियंत्याने आता दोन पुरांच्या आकड्यांवरून खुणा तपासल्या. काही खुणांचा फूट बदलला, आणि आदेशात दोन फुटांच्या अटीबरोबर वाढीच्या वेगाची अट आली : बारा तासांत ठरावीक इंचांपेक्षा जास्त वाढ झाली तर एक खूण आधी हलायचे.

नव्या तहसीलदारांनी, दुसऱ्या गावातल्या त्या रात्रीनंतर, रुजू होणाऱ्या प्रत्येक तलाठ्याच्या कार्यभार यादीत सातबारा आणि फेरफाराच्या दप्तराबरोबर ही खुणांची यादी लिहून घ्यायला सुरुवात केली. माझ्या दृष्टीने आधीच्या बाईंच्या कामाचा याहून मोठा स्वीकार दुसरा नव्हता. आधीची व्यवस्था त्यांनी आपली केली, आणि ती करताना नकाशाचा पडदा पुन्हा उभा करण्याचा हट्ट धरला नाही.

दोन प्रश्न अजून सुटलेले नाहीत. २०२१ नंतर अनेकांनी घरांची जोती उंच केली, काहींनी अंगणात भर टाकली, त्यामुळे घर आणि खूण यांचे नाते बदलले आहे. दर मे महिन्यात फेरमोजणी करायची असे ठरले आहे, पण तिचा खर्च काही ग्रामपंचायती आपल्या निधीतून करतात आणि काही करत नाहीत. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाची गावे अजूनही यादीबाहेर आहेत. तिथला आकडा कृष्णेच्या पातळीवर आणि पुढे कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या साठ्यावर अवलंबून आहे, आणि त्या माहितीच्या देवाणघेवाणीचा निर्णय तालुक्याच्या हातात नाही. त्या गावांतले तलाठी २०२१ चे मूळ फोटो जमवत आहेत, आणि नृसिंहवाडीच्या ताशी नोंदींशी ते ताडून पाहण्याचे काम शाखा अभियंत्याने हाती घेतले आहे.